थेरपिस्टनं सांगितलं म्हणून आईचा फोन घ्यायचा नाही?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे बाबा गेल्या श्रावणात गेले. फुप्फुसं आधीच थकलेली, त्यात न्यूमोनिया. मिरजेला आयसीयूत होते. आता आई सांगलीत एकटी, मी कोल्हापुरात (सासू-सासरे, दोन मुलं, शाळेतली नोकरी), धाकटा भाऊ हिंजवडीत. बाबा गेल्यापासून आईचा रोज संध्याकाळी भावाला फोन. तासभर तरी. दिवाळीनंतर भावाची झोप पार उडाली, ऑफिसात कुरबुरी सुरू झाल्या, म्हणून तो एका थेरपिस्टकडे जायला लागला. मला बरंच वाटलं होतं.

आणि आता महिना होत आला, तो आईचा फोनच घेत नाही. मेसेज टाकतो, 'जेवलीस का', 'बीपीची गोळी घेतलीस का'. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, माझ्या थेरपिस्टचं म्हणणं आहे की मी बाऊंडरी आखायला हवी." झालं, विषय संपला. आई साडेसातला टीव्हीचा आवाज बारीक करते आणि फोन पदरात घेऊन बसते. मला विचारते, "तिच्या मनात काही आलंय का गं?" ती म्हणजे माझी भावजय. ती बिचारी यात कुठेच नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. एक परका माणूस आठवड्यातून एकदा तासभर एकाच बाजूचं ऐकतो आणि नवरा गेलेल्या बाईचा मुलगाही तोडतो. याची जबाबदारी कोणाची? मी त्या थेरपिस्टला फोन करून जाब विचारू शकते का?

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री ९:५१

धागा शंभरी गाठणार. खुर्ची धरून बसलोय.

बोरकूट | सोमवार, रात्री १०:०५

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पैसे मोजून ऐकणारा माणूस गिऱ्हाइकाला दुखावेल कशाला? 'तुमचं बरोबर, बाकी सगळे टॉक्सिक' म्हटलं की पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट पक्की. माझ्या आजीची चार मुलं आणि नवरा डोळ्यांदेखत गेले. कुठे होती थेरपी? पहाटे उठून चूल पेटवायची, बस.

पाटावरची | सोमवार, रात्री १०:०९

बोरकूट, तुमच्या आजीला कधी कोणी विचारलं होतं का हो, कशी आहेस म्हणून?

बोरकूट | सोमवार, रात्री १०:१२

नाही. पण तिनं कोणाचे फोनही बंद केले नाहीत.

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री १०:१३

फोन होता का त्यांच्याकडे? (ह. घ्या.)

मृण्मयी_ठाणे | सोमवार, रात्री ११:२०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

कृष्णाकाठ, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. फोन करायला कायद्याची आडकाठी नाही, पण हाती काही लागणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत: कोणाच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, अशा स्वरूपाचे. बहिणीला वाईट वाटतंय हा त्यातला अपवाद नाही. शहाणा थेरपिस्ट तुम्हाला 'ही व्यक्ती माझ्याकडे येते' इतकंही सांगणार नाही. तुम्ही काही कळवलंत तर ऐकून घेईल, पण तुमचा फोन आला होता हे बहुधा भावाला सांगेल. मग भावाला वाटणार, आता इथेही घरचे पोचले.

दुसरं. 'थेरपिस्टनं सांगितलं' हे वाक्य मला रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून ऐकू येतं. खोलीत जे बोललं जातं आणि घरी जे पोचतं त्यात पुष्कळ फरक पडतो. मी एखाद्याला विचारते, 'रोज तासभर बोलणं झेपत नसेल तर किती झेपेल?' तो घरी जाऊन सांगतो, 'मॅडमनी बोलायला मनाई केलीय.' आपल्याकडे मुलाच्या तोंडून आईला 'नको' निघत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या नावावर खपवलं जातं.

आता माझ्याच पेशाबद्दल. फोन एकदम बंद करणं हा उपचार नव्हे. उपचार घेणारा स्वतःच्या वागण्यात बदल करतो तेव्हा पलीकडच्या माणसाचं काय होईल, हा प्रश्न खोलीत विचारला गेलाच पाहिजे. तो विचारला नसेल तर थेरपिस्टचं चुकलंय असं मी म्हणेन. शिवाय भावाला एकदा विचारा, ही व्यक्ती शिकलीय काय. वरच्या कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, समाजकार्यकर्ते यांच्या व्याख्या आहेत, 'काउन्सेलर'ची वेगळी व्याख्या नाही. आमची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक बेलाशक मागावा. काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून इन्स्टाग्रामवर दुकान थाटलेले खूप आहेत.

जर्सीकर | मंगळवार, सकाळी ६:३०

गोपनीयतेचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर. 'थेरपिस्टची जबाबदारी खोलीबाहेरच्यांपर्यंत पोचते का' यावर इथे अमेरिकेत गाजलेला खटला आहे टॅरासॉफचा, आणि त्यात दुर्दैवानं एक भारतीय विद्यार्थी आहे. बर्कलेला शिकणाऱ्या त्या मुलानं आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की अमुक मुलीला मी मारणार. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला पकडून चौकशी केली आणि सोडून दिलं. मुलीला किंवा तिच्या घरी कोणीच काही सांगितलं नाही. १९६९ मध्ये त्यानं तिचा खून केला. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की धोका गंभीर असेल तर ज्याला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. पुढे इथल्या बहुतेक राज्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ते स्वीकारलं.

म्हणजे खोलीबाहेरच्या माणसासाठी कायदा दार उघडतो तो जिवावर बेतलं तर. आईचा जीव तुटतोय, त्याला कलम नाही.

पाटावरची | मंगळवार, सकाळी ८:१५

जर्सीकर, माहिती चांगली आहे, पण बिचाऱ्या हिंजवडीकराला तुम्ही खुनाच्या खटल्यात नेऊन बसवलंत.

भोपळी_मिरची | मंगळवार, सकाळी ९:०२

मला एक कळत नाही. आईला दोन मुलं आहेत ना? मग 'मुलगा तोडला' म्हणजे आई निराधार झाली, हे कसं? कोल्हापूर-सांगली एसटीनं दीड-दोन तास. तुम्ही रोज तासभर बोलता का आईशी? हा प्रश्न खोचक वाटेल, पण भाऊ काय सोडतोय हे मोजायचं तर बाकीचे काय उचलतायत तेही मोजावं लागेल.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

भोपळी_मिरची, खोचक आहेच. मी रोज फोन करते. दर शनिवारी जाते, तिचा आठवड्याचा भाजीपाला, बँक, वारसनोंदीचे कागद, गॅस, सगळं मी बघते. पण आईला माझ्याशी बाबांबद्दल बोलायचंच नसतं. माझ्याशी ती कोथिंबिरीचा भाव बोलते. बाबांचं सगळं त्याच्यापाशी. का, ते मला माहीत नाही.

मृण्मयी, धन्यवाद. नोंदणीचं विचारते. पण 'डॉक्टरांच्या नावावर खपवलं' हे पटायला जड जातंय. माझा भाऊ तसा नाही.

अजिंठा_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी ३:११

शोकाच्या पाच पायऱ्या असतात. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. काकू पहिलीवर अडकल्यात आणि भाऊ दुसरीवर, एवढंच. वेळ द्या, चढतील दोघंही.

मृण्मयी_ठाणे | मंगळवार, दुपारी ४:२८

या पायऱ्यांनी आम्हाला फार छळलंय. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर चिकटल्या. पाचही व्हायलाच हव्यात, ओळीनं व्हायला हव्यात, असं काही नसतं. लोक माझ्याकडे येऊन तक्रार करतात, 'मला राग येतच नाहीये, काही बिघडलंय का?'

लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान मात्र आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने, डीएसएम या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मोठ्यांसाठी किमान बारा महिने. पण नुसता कालावधी पुरत नाही. रोजचं जगणं ठप्प झालंय का आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते फार जास्त आहे का, हेही बघतात. आई शनिवारी भाजी निवडते, कोथिंबिरीवर कुरकुरते, एवढ्यावरून मी तरी घाबरणार नाही.

खडूस_आजोबा | मंगळवार, सायं. ६:०५

मी या धाग्यातला एकमेव विधुर दिसतोय, तेव्हा आईच्या बाजूनं बोलतो.

दहाव्यापर्यंत घरात वीस माणसं असतात. चहाचं आधण उतरत नाही. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, सतरंज्या गुंडाळल्या जातात, पाहुण्यांच्या गाड्या सुटतात. खरं रडू चौदाव्या दिवशी येतं आणि तेव्हा ऐकायला कोणी नसतं. ही गेल्यावर मी संध्याकाळी मुलाला फोन लावायचो. सांगायला नवं काही नसायचं. तेच तेच सांगायचो. एकदा तो म्हणाला, "बाबा, हे तुम्ही सांगितलंय." तेव्हापासून मी हवापाण्याचं बोलतो. त्याचं काही चुकलं असं म्हणत नाही. पण तेच तेच सांगण्याचीच गरज असते, हे पोरांना कोणी शिकवत नाही, आणि थेरपिस्टनंही शिकवलेलं दिसत नाही.

पाटावरची | मंगळवार, सायं. ६:१९

आजोबा, इथे सांगा. आम्ही वाचू.

खडूस_आजोबा | मंगळवार, सायं. ६:३०

इथे सांगितलं तर तांबडा_रस्सा विनोद करेल.

तांबडा_रस्सा | मंगळवार, सायं. ६:४४

आजोबा, दंडवत. नाही करणार.

पण दहाव्याचा विषय निघालाच आहे तर. आमच्या आजोबांच्या पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास सगळे उन्हात. काका म्हणाले 'जमिनीचं भांडण मिटवतो', नाही. आत्या म्हणाली 'धाकट्याचं लग्न लावू', नाही. शेवटी आजीनं लांबूनच ओरडून सांगितलं, "पानाचा डबा कोणाला देणार नाही हो!" कावळा हजर.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

हसले बऱ्याच दिवसांनी. आमच्याकडेही असंच झालं होतं. कृष्णेच्या घाटावर, पाऊस भुरभुरत होता, कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण खाली एक येईना. गुरुजी म्हणाले, काही राहिलंय का मनात? काकांनी भावाला पुढे केलं. म्हणाले, "म्हण, आईला अंतर देणार नाही, तिची जबाबदारी माझी." त्यानं हात जोडून ते म्हटलं आणि अक्षरशः तेवढ्यात कावळा आला. सगळ्या बायका रडल्या. आई अजून सगळ्यांना सांगते, 'ह्यांनी ऐकलं.'

निशिगंध | मंगळवार, रात्री १०:४०

कृष्णाकाठ, तुम्ही हे हसत हसत लिहिलंय, पण मी दोनदा वाचलं. त्या घाटावर तुम्हीही होतात ना? तुम्हाला कोणी काही म्हणायला लावलं नाही. जबाबदारी एकट्या त्याच्या गळ्यात पडली, तीही वडिलांना साक्षी ठेवून. आणि दुसरा प्रश्न: आयसीयूत निर्णय कोण घेत होतं?

विचारतेय, कारण मी तुमच्या भावाच्या जागी होते. माझे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. बेड मी शोधला होता. आई रोज फोनवर सुरू करायची, "त्या दुसऱ्या हॉस्पिटलात मिळाला असता तर?" ती मला दोष देत नव्हती. ती नुसती बोलत होती. पण माझ्यासाठी ती रोजची उलटतपासणी होती. शेवटी शेवटी फोन वाजला की माझ्या हातापायांना मुंग्या यायच्या.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:३५

व्हेंटिलेटर लावायचा नाही, या कागदावर सही त्याची आहे. डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही बसवून समजावलं होतं की लावला तर निघणं कठीण. आम्ही तिघंही हो म्हणालो. पण कागद आला तेव्हा नर्सनं पेन त्याच्यासमोर धरलं. मी आईला धरून उभी होते.

तेराव्याला एक नातेवाईक जेवता जेवता म्हणाले, "आमच्या व्याह्यांना लावला होता, आता मॉर्निंग वॉकला जातात."

आयसीयूवाला | बुधवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी संपवून वाचतोय. त्या जेवणाऱ्या नातेवाइकांसारखे लोक प्रत्येक पेशंटमागे एक असतातच.

भावापर्यंत एवढं पोचवा. त्या सहीचा अर्थ 'मी वडिलांना जाऊ दिलं' असा नसतो. डॉक्टरांनी परिस्थिती समजावली, ती कुटुंबाला समजली आणि मान्य आहे, एवढाच असतो. वैद्यकीय निर्णय आमचा असतो. फुप्फुसांचा जुना आजार, वय आणि वर न्यूमोनिया असताना नळी घातली की काढणं किती अवघड होतं ते आम्ही रोज बघतो. आम्हीही कमी पडतो, हे खरं. कागद पुढे सरकवतो आणि पुढच्या बेडकडे वळतो. सही करणाऱ्याशी नंतर कोणी बोलत नाही.

ज्यांचे आईवडील धडधाकट आहेत त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, दंडाधिकाऱ्यांकडे खेटे नाहीत. वडिलांनी स्वतः लिहून ठेवलेलं असलं की मुलाच्या हातातलं पेन हलकं होतं.

बोरकूट | बुधवार, सकाळी ९:४४

सहीचं वाचून मीही थांबलो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. हे सगळं या धाग्यावर दोन दिवसांत बाहेर आलं. तीन महिने पैसे घेणाऱ्या थेरपिस्टला ते कळलं असेल, तर त्यानं आईलाही एकदा बोलवायला नको होतं?

मृण्मयी_ठाणे | बुधवार, दुपारी १२:३०

बोरकूट, या वेळी तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. एकट्या माणसाला खुर्चीत बसवून बोलायचं, ही पद्धत आपण पश्चिमेकडून घेतली. आपल्याकडे दुसरी वाटही होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यामुळे एखादं सेशन सगळ्यांनी मिळून घ्यावं हे सुचवायला हरकत नव्हती. मात्र ठरवणार भाऊ. तो नको म्हणाला तर थेरपिस्ट आईला परस्पर बोलावू शकत नाही.

भोपळी_मिरची | बुधवार, दुपारी १२:५२

आणि आईचं ऐकायला मुलगाच का? आजोबा म्हणाले तशी तेच तेच सांगायची गरज आहे, मान्य. पण ज्यानं सही केली त्यालाच रोज तो दिवस ऐकवायचा? त्याच्यासाठी ते दुःख वाटून घेणं नाहीच.

खडूस_आजोबा | बुधवार, दुपारी २:२०

मिरचीबाई, मुलाला सांगायचं नाही, मुलीला सांगवत नाही, शेजारीण म्हणते 'किती दिवस रडणार'. मग भिंतीला सांगायचं का? ज्याच्या बापाबद्दल बोलायचं त्याच्याशीच बोलणार ना माणूस.

निशिगंध | बुधवार, दुपारी ३:०५

आजोबा, मी फोन तोडले नाहीत, म्हणून सांगते. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि हॉस्पिटल सोडून बाबांचं काहीही: त्यांचं चिडणं, त्यांची स्कूटर, आईला न सांगता आणलेला रेडिओ. आईनं पहिले काही दिवस तोंड फुगवलं. मग रेडिओचं तिनंच काढलं. हॉस्पिटलचं अजूनही निघतं अधूनमधून. निघालं की मी सांगते, 'आई, हे मला आज नाही ऐकवत.' ती कधी थांबते, कधी नाही.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१०

उशिरा येतेय. शनिवारी आईकडे न जाता पुण्याला गेले.

सगळं लिहीत नाही. थेरपिस्ट बाईंची रीतसर नोंदणी आहे. त्यांनी 'फोन बंद कर' असं म्हटलेलं नाही. त्यांनी विचारलं होतं, 'फोन न घेण्याची मुभा तुला आहे असं वाटतं का?' त्यानं एक दिवस घेतला नाही, आणि मग त्याला परत घेताच येईना. आई रोज पेन हातात देण्यापासून सुरू करायची म्हणे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, माझ्याशी कोथिंबीर ना. घाटावरचं मी काढलं तर म्हणाला, "ताई, ते राहू दे," आणि उठून कुकर लावायला गेला. मी आयसीयूवाल्यांचा प्रतिसाद मोबाईलवर तसाच त्याच्यापुढे ठेवला. वाचला. काही बोलला नाही.

ठरलं असं की बुधवारी आणि रविवारी तिघांनी मिळून व्हिडिओ कॉल. आज पहिला झाला. आई पाच मिनिटं फक्त 'तू वाळलास' एवढंच म्हणत होती. हॉस्पिटलचं माझ्याशी बोल म्हणून मी तिला सांगितलंय, बघू.

तरी त्या बाईंवरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही. मुभा दिलीत, ठीक. पलीकडे कोण बसलंय ते विचारायचं होतं.

भोपळी_मिरची | रविवार, रात्री १०:२२

माझ्या खोचकपणाबद्दल शनिवारची भाजी माझ्याकडून.

अजिंठा_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:३१

आईंनाही कोणाकडे नेता येईल का?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:३८

'मला काय वेड लागलंय?' हे उत्तर तयार आहे. सांगलीत, शिवाय परवडेल असं, काही असेल तर सुचवा.

मृण्मयी_ठाणे | रविवार, रात्री ११:०२

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथे चौकशी करा. घरबसल्या हवं असेल तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास. 'मानसोपचार' शब्द न काढता 'झोप लागत नाही, त्याबद्दल बोलायला' म्हणून फोन लावून द्या.

पाटावरची | रविवार, रात्री ११:१०

तिथे मराठीत बोलतात का? की हिंदी फाडावी लागते?

खडूस_आजोबा | रविवार, रात्री ११:१६

बोलतात. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडायची. मी गुरुवारी लावला होता.